अमेरिकन फ्लाइट इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट लॅप्स झालंय? बेळगावात बसून काय होतं आणि कशासाठी तिकडे जावंच लागतं

अमेरिकेत जाऊन लायसन्स काढलं, सीएफआय (सर्टिफाइड फ्लाइट इन्स्ट्रक्टर) झालात, काही दिवस तिथल्याच शाळेत शिकवलं आणि मग व्हिसा संपला म्हणून किंवा घरचं काही निघालं म्हणून परत आलात. इकडे आल्यावर डीजीसीएचे (भारतीय विमान वाहतूक खात्याचे) पेपर, नोकरीची खटपट, लग्नकार्यं यांत अमेरिकन सर्टिफिकेटकडे बघायला कुणाला वेळ असतो? पुढे कधीतरी तिकडच्या शाळेतून बोलावणं येतं आणि तेव्हा कळतं की आपलं इन्स्ट्रक्टर सर्टिफिकेट कधीचंच लॅप्स झालंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड या पट्ट्यातल्या अशा मंडळींसाठी हे लिहितोय. मी यातून गेलोय. माहिती सगळी इंटरनेटवर आहे, पण ती अमेरिकेत घर असलेल्या माणसासाठी लिहिलेली आहे. आपले अडथळे वेगळे.

एक आधीच स्पष्ट करतो. हे सगळं एफएए, म्हणजे अमेरिकन खात्याच्या सर्टिफिकेटबद्दल आहे. ते जिवंत झालं म्हणून सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या धावपट्टीवर व्हीटी (भारतीय) नोंदणीच्या विमानात शिकवता येणार नाही. त्याबद्दल शेवटी थोडं.

१. आधी तारीख बघा, बाकी सगळं नंतर

तुमची वाट फक्त तारखेवर ठरते, म्हणून कोर्सचे पैसे भरण्याआधी हे काम करा.

१ डिसेंबर २०२४ पासून नियम बदलला. त्याआधीच्या सीएफआय कार्डावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असायची. आता जी नवीन कार्डं निघतात त्यांच्यावर ती नसते. यामुळे कित्येकांचा समज झालाय की सर्टिफिकेट आता कायमचं झालं. तसं नाही. दर २४ कॅलेंडर महिन्यांत तुम्हाला ‘अलीकडचा अनुभव’ दाखवावाच लागतो. तो नाही दाखवला तर कार्ड खिशात असूनही शिकवण्याचा अधिकार थांबतो. तारीख कार्डावरून निघून एफएएच्या रेकॉर्डमध्ये गेली, एवढाच बदल.

कॅलेंडर महिना म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. समजा तुमची मुदत मार्च २०२६ ची आहे, तर ३१ मार्चला ती संपते. त्यानंतर तीन कॅलेंडर महिन्यांची सवलत मिळते, म्हणजे ३० जून २०२६ पर्यंत. ही सवलतही त्याच २०२४ च्या नियमाने आली. आधी मुदत एक दिवसाने जरी हुकली तरी सरळ परीक्षा द्यावी लागायची.

सवलत आहे म्हणून त्या तीन महिन्यांत शिकवता येतं असं मात्र समजू नका. त्या काळात कुणाच्या लॉगबुकात इन्स्ट्रक्टर म्हणून सही केलीत, सोलोचं एन्डॉर्समेंट (एकट्याने उडायची लेखी परवानगी) दिलंत, तर ते रद्दबातल. त्या विद्यार्थ्याची चेकराइड (प्रॅक्टिकल परीक्षा) अडकेल आणि चौकशी तुमची होईल.

२. दोनच वाटा

तीन महिन्यांच्या आत असाल तर फ्लाइट इन्स्ट्रक्टर रिफ्रेशर कोर्स करा. ऑनलाइन होतो, बेळगावात बसून होतो, विमानाची गरज नाही.

तीन महिने उलटले असतील तर प्रॅक्टिकल परीक्षा, म्हणजे इन्स्ट्रक्टरची चेकराइड पुन्हा. त्यासाठी विमान, एक्झॅमिनर आणि अमेरिकेची वारी. यात पळवाट नाही. कुणी सांगितलं की पैसे द्या, कोर्सच्या सर्टिफिकेटवर जुनी तारीख घालून काम करून देतो, तर त्याच्या नादी लागू नका. ती खोटी कागदपत्रं ठरतात आणि एफएए त्यासाठी तुमची सगळी सर्टिफिकेटं काढून घेऊ शकतं, नुसतं इन्स्ट्रक्टरचं नव्हे.

‘मी दोन वर्षांत पाच विद्यार्थी परीक्षेला पाठवले, त्यातले ऐंशी टक्के पहिल्या फटक्यात पास झाले, त्यावर होत नाही का?’ होतं, पण मुदत संपायच्या आत. एकदा लॅप्स झाल्यावर ती शिदोरी उपयोगाची नाही.

ज्यांच्याकडे ग्राउंड इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट वेगळं आहे त्यांच्यासाठी बरी बातमी: ते या भानगडीत लॅप्स होत नाही. त्याच्या अलीकडच्या अनुभवाच्या अटी वेगळ्या आहेत, त्या तपासून घ्या.

३. नाव आणि पत्ता

खरं डोकं खातं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्ज करायचा तो आयॲक्रा या एफएएच्या ऑनलाइन व्यवस्थेत. तिथे पहिलं, मधलं, शेवटचं नाव असे वेगळे रकाने आहेत. आणि आपल्या भागात एकाच माणसाची नावं किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील सुनील रामचंद्र’, एसएसएलसीच्या मार्क्स कार्डवर ‘सुनील आर. पाटील’, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग आणखी निराळं. यातला कुठलाही कागद अमेरिकन खात्याला नको असतो. त्यांना हवा पासपोर्ट. पण पासपोर्ट आणि तुमचं जुनं एफएए रेकॉर्ड यांत अक्षराचा फरक असला तर अडकलात.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आणि सगळं नाव एकाच रकान्यात असेल तर अमेरिकन व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. कित्येकांच्या एफएए कार्डावर हे एफएनयू तसंच गेलेलं असतं. मग मधल्या काळात पासपोर्ट नवा केला, आडनाव वेगळं टाकून घेतलं, आणि आता अर्जातलं नाव रेकॉर्डशी जुळत नाही. अशा वेळी आधी ओक्लाहोमा सिटीच्या एअरमेन सर्टिफिकेशन शाखेकडून नावाची दुरुस्ती करून घ्या, मगच अर्ज भरा. दुरुस्तीसोबत नाव बदलल्याचा पुरावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र इंग्रजीत काढून ठेवावं. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर त्या प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आहेत का ते ऑफिसातच, खिडकीवरून हलण्याआधी बघा.

आता पत्ता. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं. त्याआधीच्या पासपोर्टावर इंग्रजीत एक स्पेलिंग, नंतरच्यावर दुसरं. नावावरून इथे काय वाद आहे तो आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, पण फॉर्म भरताना त्यात पडू नका. चालू पासपोर्टवर जे छापलंय तेच स्पेलिंग आयॲक्रात, तेच व्हिसाच्या अर्जात, तेच कोर्सवाल्यांकडे. तीन ठिकाणी तीन स्पेलिंगं टाकून तीन वेगळ्या माणसांसारखं दिसू नका.

गावात राहणाऱ्यांचा पत्ता आणखी अवघड. एफएएला पत्रव्यवहाराच्या पत्त्यासोबत प्रत्यक्ष राहण्याचं ठिकाण लागतं. आपल्याकडे मु. पो. अमुक, मारुती गल्ली, ता. खानापूर, एवढ्यावर पत्र घरपोच येतं, कारण पोस्टमनला घर माहीत. अमेरिकन कारकुनाला रस्ता आणि घर क्रमांक हवा. ग्रामपंचायतीच्या कर पावतीवर मिळकत क्रमांक असतो, तो घर क्रमांक म्हणून टाका. तरीही पत्ता स्पष्ट होत नसेल तर घरापर्यंत कसं यायचं ते शब्दांत लिहून किंवा नकाशा काढून द्यायची सोय एफएएने ठेवली आहे. ‘बस थांब्यावरून शाळेच्या रस्त्याने आत, देवळानंतर डाव्या हाताची दुसरी गल्ली’ हे नीट इंग्रजीत लिहिलं तर चालतं. चेष्टा करत नाही.

पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत एफएएला कळवायचा असतो. अमेरिकेतलं भाड्याचं अपार्टमेंट सोडून आलात आणि रेकॉर्डवर अजून तोच पत्ता असेल, तर तो आजच बदला. आणि बदलल्याबरोबर पुढची पायरी लागू होते.

४. अमेरिकेतला एजंट

हे प्रकरण नवीन आहे आणि अजून बऱ्याच जणांना माहीतच नाही. ज्यांचा रेकॉर्डवर अमेरिकेतला राहण्याचा पत्ता नाही, त्यांना आता तिथला एक ‘एजंट’ नेमावा लागतो, म्हणजे एफएएच्या कायदेशीर नोटिसा तुमच्या वतीने घेणारा माणूस. नवीन अर्जदारांना हे ६ जानेवारी २०२५ पासून लागू झालं आणि आधीच सर्टिफिकेट असलेल्यांना ७ जुलै २०२५ पर्यंत मुदत होती. एजंट नेमला नसेल तर तुमच्या सर्टिफिकेटचे अधिकार वापरता येत नाहीत. पायलटचे सुद्धा, नुसते इन्स्ट्रक्टरचे नाहीत.

एजंट म्हणून कंपनी चालते किंवा १८ वर्षांवरची कुठलीही व्यक्ती. तिचा अमेरिकेत प्रत्यक्ष पत्ता हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. नेमणूक ऑनलाइन होते, एफएएची त्यासाठी वेगळी वेबसाइट आहे.

तिकडे मामा, मावसभाऊ, कॉलेजचा मित्र असेलच. पण त्याला न विचारता त्याचं नाव घालू नका. नोटीस आली तर ती तुम्हाला लगेच पाठवायची जबाबदारी त्याच्यावर येते, हे त्याला समजावून सांगा. दर सहा महिन्यांनी घर बदलणारा माणूस नको. असा भरवशाचा कुणी नसेल तर वार्षिक फी घेऊन हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. माझ्या मते पैसे देऊन कंपनी घेतलेली बरी. नातेवाइकाला लाजेखातर पुन्हा पुन्हा विचारत बसण्यापेक्षा वर्षाला थोडी रक्कम गेली तर जाऊ दे.

एजंटची कटकट नको म्हणून मित्राचं घर हेच ‘माझं राहण्याचं ठिकाण’ असं काही जण दाखवतात. सरकारी अर्जावर खोटी माहिती दिली असा त्याचा अर्थ होतो.

५. रिफ्रेशर कोर्सची वाट (तीन महिन्यांच्या आत असाल तरच)

कोर्स साधारण १६ तासांचा. ग्लीम, किंग स्कूल्स, अमेरिकन फ्लायर्स अशा जुन्या संस्था घेतात. मजकूर फारसा अवघड नाही. नियमांतले बदल, अपघातांची कारणं, शिकवण्याच्या पद्धती, प्रत्येक धड्यानंतर प्रश्न. एकदम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, कारण कोर्स संपला म्हणजे काम झालं असं नसतं. अर्जही मुदतीत पोचायला हवा.

पैसे भरण्याआधी संस्थेला ईमेल करून दोन गोष्टी लेखी विचारून घ्या. भारतात बसलेल्या, अमेरिकन नागरिक नसलेल्या माणसाचा अर्ज तुम्ही एफएएकडे पुढे पाठवता का? आणि ओळखीची पडताळणी कशी करता, व्हिडिओ कॉलवर की आणखी कशी? कोर्स कुणालाही विकतात. अर्जाचं काम सगळ्यांसाठी करतातच असं नाही.

फोन करायचा झाला तर वेळेचं गणित: ओक्लाहोमात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. पैसे डॉलरमध्ये जातात, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा. नाहीतर पेमेंट तीनदा नाकारलं जातं आणि आपण वेबसाइटला शिव्या देत बसतो.

६. परीक्षेची वाट

आधी दिलासा. पूर्ण सीएफआय पुन्हा करायचं नसतं. लेखी परीक्षा पुन्हा नाही. तुमच्याकडे एकाहून जास्त इन्स्ट्रक्टर रेटिंग्ज असतील तर त्यातल्या एकाचीच प्रॅक्टिकल द्यायची. इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरची दिलीत तरी चालते, आणि जे बराच काळ खालच्या उंचीवरचे मनुव्हर्स उडालेले नाहीत त्यांच्यापैकी बरेच जण तीच निवडतात. नवं इन्स्ट्रक्टर रेटिंग जोडायची परीक्षा दिलीत तरी काम होतं. नुसतं जुनं जिवंत करण्यापेक्षा त्याच खर्चात नवं रेटिंग मिळत असेल तर मी ते घ्या म्हणेन.

तयारीचं माप बदललंय. ३१ मे २०२४ पासून विमानांच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेला जुने पीटीएस जाऊन एसीएस (परीक्षेत काय, किती अचूक जमायला हवं ते सांगणारी मानकं) आले, क्रमांक एफएए-एस-एसीएस-२५. कपाटातल्या जुन्या छापील प्रती बाजूला ठेवा आणि नवी पीडीएफ एफएएच्या साइटवरून फुकट उतरवा. एन्डॉर्समेंटचे नमुने एसी ६१-६५ या परिपत्रकात आहेत. त्याचीही ताजी आवृत्ती घ्या, एक्झॅमिनर तिथूनच विचारतो.

घरी काय होतं? तोंडी भाग पूर्ण. शिकण्याचे सहा नियम, तयारी, सराव, परिणाम, प्राथम्य, तीव्रता, ताजेपणा, हे पाठ करून भागत नाही. कुणाला तरी समोर बसवून शिकवावं लागतं. घरातल्या ज्याला विमानातलं काही कळत नाही अशाला बसवा आणि स्टॉल (पंखांची उचल तुटणं) म्हणजे काय ते सांगा. तो मध्येच ‘पण इंजिन तर चालूच आहे ना?’ असं विचारेल. अमेरिकन विद्यार्थीही नेमकं हेच विचारतो आणि एक्झॅमिनर विद्यार्थ्याचं सोंग घेतो तेव्हाही हेच. मात्र सराव इंग्रजीत करा. इकडे आल्यावर दिवसभर मराठी-कन्नड बोलून शिकवण्याचं इंग्रजी जड होतं. शब्द आठवतो, पण उशिरा.

उडण्याचा भाग तिकडेच. उजव्या सीटवर पुन्हा बसल्यावर पहिल्यांदा चुकतं ते दिसणं. डाव्या पॅनेलवरचे गोल काट्यांचे इन्स्ट्रुमेंट तिरके दिसतात, टर्न कोऑर्डिनेटरचा बॉल मध्यावर असूनही सरकल्यासारखा वाटतो आणि लँडिंगला नाक सरळ आहे असं वाटत असताना विमान तिरकं टेकतं. यावर उपाय म्हणजे डोळे पुन्हा सरावणं, तेवढाच. त्यात बोलत बोलत उडायचं असतं. पॉवर-ऑफ एकशेऐंशी लँडिंग (इंजिनाची पॉवर काढून, वळून ठरल्या जागी टेकणं) स्वतःला जमतं, पण वारा किती, फ्लॅप कधी हे सांगत असताना नेमका पॉइंट हुकतो. म्हणून परीक्षेआधी चालू सर्टिफिकेटच्या इन्स्ट्रक्टरबरोबर पुरेसे तास ठेवा, एका दिवसात उरकू नका.

एक सापळा बऱ्याच जणांना शेवटच्या क्षणी कळतो. परीक्षेत एक्झॅमिनर हा पायलट-इन-कमांड नसतो, तुम्ही असता. म्हणजे तुमचा फ्लाइट रिव्ह्यू (पायलटने ठरावीक काळाने इन्स्ट्रक्टरबरोबर करायची उजळणी) गेल्या २४ कॅलेंडर महिन्यांतला हवा आणि मेडिकल चालू हवं. नुसतं शिकवताना, विमानाचा ताबा कायद्याने दुसऱ्याकडे असेल तर मेडिकल नसलं तरी चालतं. ही सवलत परीक्षेला लावू नका. परीक्षा पास झालात की तीच पुढे फ्लाइट रिव्ह्यू म्हणून धरली जाते.

व्हिसाबद्दल थोडक्यात. टुरिस्ट व्हिसावर जाऊन ‘जाता जाता’ ट्रेनिंग घेणं धोक्याचं आहे. व्यावसायिक ट्रेनिंगला एम-१ हा विद्यार्थी व्हिसा लागतो आणि त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेचा आय-२० हा प्रवेशाचा कागद. परदेशी विद्यार्थ्यांच्या सुरक्षा तपासणीचं टीएसएचं (अमेरिकन वाहतूक सुरक्षा खात्याचं) काम तुमच्या बाबतीत लागतं की नाही तेही शाळेकडून लेखी घ्या. कर्नाटक चेन्नईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाकडे येतं आणि चंदगड-कोल्हापूर मुंबईकडे. पण मुलाखतीची तारीख जिथे लवकर मिळेल तिथली घेता येते, आणि बेळगावहून मुंबई सोयीची.

डेझिग्नेटेड एक्झॅमिनरची (एफएएने नेमलेल्या खासगी परीक्षकाची) फी एफएए ठरवत नाही, ज्याची त्याची असते. तारखाही सहज मिळत नाहीत. तिकीट काढण्याआधी एक्झॅमिनरची तारीख पक्की करा. आणि पाऊस, वारा, विमान बंद पडणं यांसाठी परतीच्या तिकिटात जागा ठेवा.

लागणारी कागदपत्रं

- चालू पासपोर्ट, आणि नाव किंवा पत्ता बदलला असेल तर जुनाही
- पायलट आणि इन्स्ट्रक्टर, दोन्ही एफएए कार्डं. प्लास्टिक कार्ड हरवलं असेल तर दोन डॉलरमध्ये दुसरं मिळतं
- आयॲक्राचा लॉगिन आणि एफटीएन (तिथला तुमचा ओळख) क्रमांक. जुना ईमेल अमेरिकन कॉलेजचा असेल आणि बंद झाला असेल तर आधी तो बदला
- लॉगबुक, मूळ. सोबत सगळ्या पानांचे स्कॅन वेगळ्या ठिकाणी
- रिफ्रेशर कोर्सच्या वाटेने जाणाऱ्यांना त्याचं पूर्णतेचं प्रमाणपत्र
- परीक्षेच्या वाटेने जाणाऱ्यांना मेडिकल, फ्लाइट रिव्ह्यूची नोंद, विमानाची कागदपत्रं (ही शाळा देते, पण मेंटेनन्सच्या नोंदी कुठे आहेत ते तुम्ही शोधून दाखवायचं असतं)
- एजंट नेमल्याची पावती

सांबऱ्यात शिकवायचं म्हणाल तर

२०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात आपलं बेळगाव होतं, म्हणून हा प्रश्न साहजिकच येतो. एफएएचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. भारतीय नोंदणीच्या विमानात शिकवायला डीजीसीएचं लायसन्स आणि त्यावर इन्स्ट्रक्टरचं भारतीय रेटिंग लागतं, आणि त्याचा अर्ज ईजीसीएवर (डीजीसीएच्या ऑनलाइन व्यवस्थेत) वेगळा होतो. तिकडचे तास लॉगबुकात दिसतात, एवढाच फायदा. म्हणून अमेरिकन सर्टिफिकेटवर खर्च करण्याआधी तिकडे परत जाणार आहात का ते घरी बसून ठरवा. जाणार नसाल तर हा सगळा खर्च डीजीसीएच्या कामाला लावा.

७. पास झाल्यावर

हातात मिळतं ते तात्पुरतं सर्टिफिकेट, १२० दिवस चालणारं. पक्कं कार्ड ओक्लाहोमाहून टपालाने येतं आणि गल्लीतल्या पत्त्यावर पोचायला वेळ लागतो. पोस्टमनला आधी सांगून ठेवा की परदेशी लिफाफा येणार आहे. १२० दिवस संपत आले आणि कार्ड नाही आलं, तर वाट बघत न बसता मुदत संपायच्या आत शाखेकडे चौकशी करा. एफएएच्या एअरमेन शोध पानावर आपलं नाव घालून नवी अखेरची तारीख नीट चढली आहे का तेही बघा. काही चूक दिसली तर लगेच लिहा, तात्पुरत्या सर्टिफिकेटची प्रत जोडून.